कोरडी गॅलरी

“मग ते पाणी गेलं कुठं?”

सरवदे सरांनी अहवाल मिटला नव्हता. आकड्यांच्या तक्त्यावर बोट तसंच ठेवून ते केतकीकडं बघत राहिले.

केतकी तावरेला हा प्रश्न हवाच होता. मोरदरी धरणावर उपअभियंता म्हणून येऊन तिला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत धरणाच्या पोटात झिरपणारं पाणी मिनिटाला चारशे लिटरवरून अडतीस लिटरवर आलं होतं. इतका चांगला आकडा आसपासच्या कुठल्याच धरणाचा नव्हता.

तिनं समजावून सांगितलं. तलावातला गाळ पायाच्या खडकातल्या बारीक फटींत जाऊन बसतो आणि फटी हळूहळू बुजतात. म्हणजे धरण आपलं आपणच बरं होत चाललंय. पुढच्या पानावर आलेख होता. सरांनी पान उलटलं नाही.

“चारशेचे अडतीस,” ते म्हणाले. “…मग ते पाणी गेलं कुठं?”

तोच प्रश्न, त्याच आवाजात. केतकीच्या मनात आलं, सर आता थकले.

सरांचं वय शहात्तर. बेचाळीस वर्षांपूर्वी मोरदरीचा पाया खोदला तेव्हा खडक तपासायचं काम त्यांच्याकडं होतं. कुठला दगड ठेवायचा, कुठला उकरून टाकायचा, हे त्यांनी गुडघ्यांवर रांगत, हातोडीनं ठोकून ठरवलं होतं. निवृत्तीनंतर ते खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले. तिथं केतकी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. पुढं केंद्र सुटलं, तसं सरांनी धरणापासून तीन किलोमीटरवर, नदीच्या काठालाच असलेल्या खालच्या मोरदरीत घर बांधलं आणि बायकोला घेऊन राहायला आले. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा धरणावर जीव आहे.

धरणाची दारं यंदा अडीच मीटरनं उंच केली होती. तेवढं जास्त पाणी साठवायचं तर धरण ते पेलेल असा दाखला लागतो. तो केतकीनं आठ दिवसांपूर्वी सही करून पाठवला होता. ऑगस्ट चालू होता आणि घाटमाथ्यावर पावसानं उघडीप दिली नव्हती. तलाव जुन्या पातळीच्या वर चढायला लागला होता. येत्या गुरुवारी जलपूजन होतं. आज ती सरांच्या घरी आली होती ती त्यांच्या पाया पडायला आणि अहवाल दाखवायला. खरं तर, शाबासकी घ्यायला.

सरांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा घातला.

“मला खाली घेऊन चल,” ते म्हणाले.

“कुठं?”

“गॅलरीत.”

धरण म्हटलं की लोकांना भिंत दिसते. पाणी भिंतीला समोरून ढकलतं, हेही सगळ्यांना दिसतं. पण पाणी पायाखालच्या खडकातही शिरतं आणि तिथून धरणाला वर उचलायला बघतं. हे कुणाला दिसत नाही. काँक्रीटचं धरण जागेवर उभं राहतं ते निव्वळ स्वतःच्या वजनावर. खालून जितकं उचललं जाईल, तितकं त्याचं वजन कमी होतं.

म्हणून धरणाच्या पोटात, अगदी तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बोळ ठेवतात. तीच गॅलरी. तिच्या फरशीतून खालच्या खडकात खोल भोकं पाडलेली असतात. पायाखालचं पाणी त्या भोकांतून वर येतं आणि गॅलरीतल्या गटारानं निघून जातं. पाण्याबरोबर त्याचा दाबही निघून जातो. मोरदरीला अशी एकशे अठरा भोकं होती.

हे सगळं केतकीला पाठ होतं. सरांनीच शिकवलं होतं.

गॅलरीच्या तोंडाशी भिकाजी गुरव भेटला. पाण्याच्या नोंदी ठेवणारा माणूस, पन्नाशीचा, बावीस वर्षं त्याच बोळात काढलेला. सरांना बघून त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो पुढं झाला. एकशे चाळीस पायऱ्या. सर एका हातानं कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होते. मध्ये दोनदा थांबले. केतकी घड्याळ बघत होती. दुपारी मंडप घालणारे यायचे होते.

खाली गार होतं. दिव्यांच्या ओळीखाली फरशी कोरडी ठणठणीत. ही फरशी दाखवायला केतकीनं वरच्या साहेबांना दोनदा इथं आणलं होतं.

दहाव्या ब्लॉकपाशी सर थांबले. धरण एकसंध नसतं, शेजारी शेजारी उभ्या केलेल्या मोठ्या ठोकळ्यांचं असतं, आणि त्यांना ब्लॉक म्हणतात. दहावा ब्लॉक नदीच्या मधोमध होता, सगळ्यात खोल आणि सगळ्यात उंच.

“दिवे घालव,” सर भिकाजीला म्हणाले.

भिकाजीनं केतकीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. दिवे गेले.

असा अंधार वर कुठं सापडत नाही. केतकीनं डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. डोक्यावर साठ मीटर काँक्रीट होतं आणि पाठीमागच्या भिंतीपलीकडं सगळा तलाव.

“काय ऐकू येतं?”

तिनं कान दिला.

“काही नाही, सर.”

“नीट ऐक.”

“काहीच नाही.”

“मी इथं काम करत होतो तेव्हा,” अंधारातून सरांचा आवाज आला, “माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागायचं. इतका पाण्याचा आवाज.”

भिकाजी, न विचारता, हळू आवाजात बोलला. पाणी कमी होत गेलं तसं त्याला आत यायला नको वाटायला लागलं होतं. कारण सांगता येत नव्हतं. घरी बायकोला सांगितलं तर ती हसली. गेल्या वर्षी त्यानं मॅडमना सांगितलं होतं.

सांगितलं होतं खरं. केतकीला आठवलं. तिनं त्याला आलेख दाखवला होता.

“सर, तुम्हाला भीती वाटतेय का?” तिनं विचारलं. आवाजात थोडी थट्टा होती. ती तिची तिलाच ऐकू आली.

“हो.”

“मला नाही वाटत.”

“ते कळतंय मला.”

दिवे लागले. सरांनी भिकाजीला बारीक लोखंडी सळी आणायला सांगितली, एकात एक जोडता येतील असे तुकडे. दहाव्या ब्लॉकचं एक भोक निवडलं. कागदावर त्याची खोली पंधरा मीटर होती. सळी आत सोडली.

चार मीटरला अडकली.

भिकाजीनं दाबली, फिरवली. पुढं जाईना. वर काढली तेव्हा टोकाला पांढरा चिकट थर होता. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर विरघळून येतो आणि भोकात साखळतो. वर्षानुवर्षं भोकं साफ केली नाहीत तर ती अशी आतून भरत जातात. केतकी वाकून बघत होती. तिच्या अहवालात लिहिलं होतं, निचऱ्याची भोकं सुस्थितीत, गळती नगण्य.

दुसरं भोक साडेतीन मीटरला अडकलं, तिसरं पाचला.

चौथ्या भोकात सळी नऊ मीटर गेली. वर आली तेव्हा टोक पांढरं नव्हतं.

तांबडं होतं.

सरांनी ते बोटांत घेतलं, चोळलं, दिव्याखाली धरलं. मग ते खाली बसले.

ती माती केतकीनं फक्त नकाशात पाहिली होती. सह्याद्रीचा काळा खडक एकावर एक थरांनी बनलेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी भाजलेल्या तांबड्या मातीची पट्टी असते. कोरडी असली तर विटेसारखी घट्ट. भिजली, की हातातल्या साबणासारखी. दहाव्या ब्लॉकखाली अशी वीतभर पट्टी होती. पाया घेताना ती काढायची तर आणखी सात मीटर खोदावं लागलं असतं. तेव्हा असं ठरलं, की ती तिथंच ठेवायची आणि तिच्यातलं पाणी कायम काढत राहायचं. जोवर पाणी निघतंय तोवर धोका नाही.

त्या निर्णयावर सरांची सही होती. त्यांनी हे सांगितलं ते केतकीकडं न बघता.

“सर, दाब मोजायची यंत्रं आहेत ना,” ती म्हणाली. “मी रीडिंग घेतलीत. दाब ठीक आहे.”

“किती यंत्रं?”

“बारा.”

“चालू किती?”

“…चार.”

“कुठली?”

चालू असलेली चारही दोन्ही काठांना होती, जिथं धरण बुटकं होतं आणि पायाखाली दाब तसाही कमीच असायचा. मधली आठ बंद पडून सहा वर्षं झाली होती. त्यांचे आकडे तिनं काठांच्या आकड्यांवरून काढले होते. संगणकाला रिकामी जागा चालत नाही. तिनं ती भरली होती.

सर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

वर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते बोअरचं मशीन मागवायचं. ते सांडव्याच्या कामावर होतं. सुटं करून खाली उतरवून जोडण्यात पुढच्या दिवसाची सकाळ उजाडली. तेवढ्या वेळात तलाव पाव मीटर चढला. जुन्या पातळीच्या वर आता एक मीटर साठ. पाणी भिंतीला लागून उभं होतं, सपाट, तपकिरी, एक तरंग नाही. केतकी तीन वर्षं रोज ते बघत होती. आज तिला त्याच्याकडं पाठ करून चालवेना.

सकाळी नऊला मशीन सुरू झालं. भोक तेच, चौथं. गॅलरीत मशीनवरची चार माणसं, भिकाजी, केतकी आणि पालथ्या बादलीवर बसलेले सर. ते वर थांबतील असं तिला वाटलं होतं.

सहा मीटर. आठ. नऊ.

सव्वानऊ मीटरला मशीनचा सूर बदलला. चालवणाऱ्यानं हात वर केला. त्याला काही बोलायचं होतं, पण ते राहूनच गेलं. खालून एक धक्का आला, जड काहीतरी अंगाला रेलावं तसा, आणि मशीनची दांडी वर फेकली गेली. मागोमाग पाणी. मनगटाएवढा झोत थेट छतावर आदळला आणि चहूकडून सगळ्यांच्या अंगावर कोसळला.

तांबडं पाणी.

दोघं माणसं जिन्याकडं पळाली. केतकीचेही पाय वळले होते. तिला नंतर नेहमी आठवायचं ते हेच, की तिचे पाय वळले होते.

सर बादलीवरून उठले नव्हते. डोक्यावरून तांबडे ओघळ येत होते. ते ओरडून काहीतरी सांगत होते. तिनं जवळ जाऊन त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“तांबडं किती वेळ येतंय ते मोज,” सर म्हणत होते.

तिनं घड्याळ धरलं. पाणी घोट्यापर्यंत चढलं. पाणी स्वच्छ झालं म्हणजे माती जागेवर आहे, नुसतं अडलेलं पाणी सुटलं. तांबडंच येत राहिलं तर पायाखालून माती वाहून चालली आहे. तांबडं. तांबडं. सहा मिनिटं झाली, सात झाली. भिकाजी डोळे मिटून हात जोडून उभा होता. नऊ.

अकराव्या मिनिटाला ते गढूळ झालं. तेराव्याला निवळलं.

तोंडाला झडप लावून दाब मोजला. अहवालात तिथं चौरस सेंटिमीटरला दोन किलो धरले होते. काटा साडेपाचावर थरथरत होता. म्हणजे गॅलरीच्या फरशीखाली पंचावन्न मीटर उभं पाणी दाबून बसलं होतं, बाहेर पडायला वाट नाही म्हणून. गळती थांबलेली नव्हती. ती खाली कोंडली गेली होती आणि धरणाला उचलत होती.

वरच्या नोंदीच्या खोलीत केतकीनं मिळेल त्या कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. वजन खाली, पाणी आडवं, दाब वर. घसरण्याविरुद्धची ताकद आणि घसरवणारी ताकद यांचा भागाकार. तिच्या दाखल्यात तो दीडच्या वर होता. आता एक पूर्णांक शून्य आठ आला. राहिलेलं पाऊण-एक मीटर पाणी चढलं असतं तर एकाच्या खाली जाणार होता. एकाच्या खाली गेलं, की धरणाला जागेवर राहायला काही कारण उरत नाही.

तिनं तो हिशोब तीनदा केला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

तिनं अधीक्षक अभियंता बिडव्यांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, मीटर बिघडलेला नसेल कशावरून. तिनं सांगितलं, तीन मीटर लावून पाहिले. मग ते म्हणाले की परवा जलपूजन आहे, मंत्र्यांचा दौरा ठरलाय, तेवढे दोन दिवस जाऊ द्यावेत. गुरुवारी रात्रीपासून हवं तितकं पाणी सोडावं. आणि शेवटी म्हणाले की आठ दिवसांपूर्वी तुम्हीच सही केलीय, मॅडम.

खिडकीतून नदी दिसत होती. नदीच्या वळणावर खालच्या मोरदरीची छपरं. शाळा सुटली असावी. रस्त्यावर मुलांची रांग होती.

“माझा दाखला चुकीचा आहे,” केतकी म्हणाली. “मी तो परत घेतेय. लेखी पाठवते. पण दारं आत्ता उघडायला हवीत.”

बिडवे आवाज खाली आणून बोलले.

“तुमचं काय होईल याची कल्पना आहे ना?”

“आहे, सर.”

तिला होती. पण त्या क्षणी तिला त्याची भीती वाटली नाही. भीती सगळी खर्च झाली होती, छपरांवर.

दुपारी दोनला भोंगा वाजला आणि दारं उचलली. तलाव लोट्यासारखा ओतून देता येत नाही. नदीच्या पात्राला झेपेल तेवढंच सोडायचं, नाहीतर धरणाआधी दारंच गाव बुडवतील. वरून पाऊस भर घालत होता. भिकाजीच्या हिशोबानं तलाव तासाला दोन-तीन बोटं उतरणार होता. खालच्या मोरदरीतली माणसं गुरंढोरं घेऊन टेकडीवरच्या हायस्कुलात गेली. सरांच्या पत्नी लीलाकाकू पण गेल्या. जाताना त्यांनी सरांसाठी भाकरी आणि कोरडे कपडे धरणावर पाठवले.

सर मात्र गॅलरीत परत उतरले होते.

तलाव उतरेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. जितकी भोकं मोकळी होतील तितका दाब कमी होणार होता. मशीनवरची पळालेली दोघं परत आली नाहीत. राहिलेले दोघं एकमेकांकडं बघत होते. बादलीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघून त्यांनी दांडी उचलली.

केतकी सरांपाशी गेली.

“सर, तुम्ही वर जा. इथं बसून तुम्ही काय करणार?”

“काही नाही.”

“मग?”

“…मी इथं असलो म्हणजे तू भोक पुरतं खोल पाडशील.”

ती मशीनपाशी गेली.

दोन दिवस ते चाललं. दहावा ब्लॉक, मग अकरावा, मग नववा. प्रत्येक भोकाला तोच धक्का, तोच झोत, आणि तीच मिनिटं. प्रत्येक वेळी केतकी घड्याळ धरून उभी राहायची आणि पाणी निवळेपर्यंत नजर हलवायची नाही. एका भोकानं एकोणीस मिनिटं घेतली. अठराव्या मिनिटाला तिनं सरांकडं पाहिलं. सरांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांना काय वाटतंय हे तिला कळलं, कारण तेच तिला वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी बाविसावं भोक मोकळं झालं. काटा साडेपाचावरून सव्वादोनवर आला होता. तलाव जुन्या पातळीच्या खाली उतरला होता. गॅलरीत बोललेलं एकमेकांना ऐकू येत नव्हतं. गटार भरून वाहत होतं. भिकाजीनं वहीत आकडा लिहिला, मिनिटाला सातशे दहा लिटर, आणि वही मिटून तो तिथंच पायरीवर रडायला लागला.

जलपूजन झालं नाही. मंडप भिजत राहिला आणि मग कुणीतरी सोडून नेला.

केतकीची चौकशी लागली. वर्तमानपत्रात तिच्या नावानं दोन ओळी आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. बढती थांबली. पण धरणावरून तिला हलवलं नाही, कारण भोकं साफ करायचं काम तिच्याशिवाय कुणी अंगावर घ्यायला तयार नव्हतं. जानेवारीपर्यंत एकशे अठरांपैकी शंभर मोकळी झाली. बंद पडलेली आठही यंत्रं नवी बसवली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पाया तपासला आणि जुन्या पातळीपर्यंत पाणी साठवायला हरकत नाही असं लिहून दिलं. गावातली माणसं कधीच घरी परतली होती.

जानेवारीतल्या एका दुपारी ती सरांकडं गेली. सर अंगणात उन्हाला बसून पावटे सोलत होते. लीलाकाकूंनी चहा दिला. तो तसाच निवला.

केतकीनं पिशवीतून एक अर्ज काढून सरांपुढं ठेवला. बदलीचा होता. रस्त्यांकडं, इमारतींकडं, कुठंही.

तिनं सांगितलं, की तिला आता काम होत नाही. सगळे आकडे बरोबर असले तरी ती पुन्हा खाली जाते. यंत्रावर विश्वास बसत नाही, यंत्र बघणाऱ्यावर बसत नाही, स्वतःवर तर नाहीच. घरी मोरीतला नळ ठिबकायचा थांबला तरी ती उठून बघायला जाते. परवा तीन ओळींचं एक साधं पत्र सही करायला दीड तास लागला. नवरा म्हणतो, डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, की सर, मला तुमच्यासारखं धाडस नाही.

सरांनी शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले. अर्ज उचलून वाचला, दोन्ही बाजूंनी. मग घडी घालून तिच्या पिशवीत परत ठेवला.

“सर, ही भीती कधी जाईल?”

लीलाकाकू ओसरीवर थांबल्या. सरांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली.

“जाईल त्या दिवशी पहिला फोन मला कर,” ते म्हणाले. “आम्हाला इथून निघायला वेळ मिळेल.”